धुरपताबाईचा धुरा आणि पहाडगडची राणी

पाटगड कुठं होता, ते आमच्या पिपरटोल्यात कोणालाही विचारा. हात वर करून दरेकशाच्या डोंगराकडे दाखवील अन् म्हणेल, ‘ते काय, त्या दोन टेकड्यांच्या मधी.’ खरं का खोटं देव जाणे. तिथं गड दिसत नाही, गडाचा दगड दिसत नाही, पण जागा सगळ्यांना माहीत. आता पहाडगड कुठं होता ते विचारा. माणूस डोकं खाजवतो, ‘असंल कोठी तरी’ म्हणतो अन् बिडी पेटवतो.

मी सोळाव्या वर्षी या गावात सून होऊन आली. आता पंच्याऐंशी झाले. आजवर मला ती जागा कोणी दाखवली नाही.

हा प्रश्न माझा नाही. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला असले प्रश्न सुचत नाहीत. हा प्रश्न धुरपताबाईचा. या एका प्रश्नावर तिनं चार एकर धानाची जमीन, एक बोडी अन् आपली दोन मनगटं वाचवली. कशी वाचवली ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहून ठेवते.

धुरपताबाई आमच्या घराला लागून राहायची. उंचीनं माझ्या खांद्याला लागे, पण आवाज असा, की तिनं शेतातून हाक मारली तर मालगाडीचा गार्ड मागं वळून पाही. कपाळ मोठं, पाय भेगाळलेले, अन् बोलता बोलता डोळे बारीक करायची सवय. डोळे बारीक झाले की समजायचं, आता कोणाची तरी फजिती होणार.

तिच्या शेताच्या वरच्या अंगाला बोडी होती. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. पाऊस दडी मारून बसला की धान त्याच्यावर जगतो. ती बोडी तिनं अन् तिच्या नवऱ्यानं, केवळरामनं, तीन उन्हाळे खपून खोदली. तो खणे, ही टोपल्यानं माती काढून पाळीवर, म्हणजे काठावरच्या बांधावर, टाके. लेक शामकला पोटात होती तेव्हाही टोपलं सुटलं नाही. बावन साली केवळराम तापानं गेला. शामकला दीड वर्षाची होती. बोडी अन् पोरगी, दोन्ही धुरपताबाईच्या अंगावर राहिल्या, अन् दोन्ही तिनं भरल्या ठेवल्या.

खालची जमीन तिच्या देवराची, बिसरामची. सासरा मेला तेव्हा दोघा भावांत वाटणी झाली अन् मधी धुरा घातला. धुरा म्हणजे हातभर रुंद मातीचा बांध, त्याच्यावर एका माणसानं चालावं एवढाच. वर हिची बांधी, म्हणजे धानाचा वाफा, खाली त्याची. बिसराम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याला राक्षस समजाल. नांगर सरळ धरायचा, गळा गोड होता, बायको वारल्यावर दोन वर्षं हातानं भाकरी थापून खाल्ली. पण त्याला एक रोग होता. धुरा दिसला की त्याला तो फोडावासा वाटे.

“वयनी,” तो म्हणे, “हा धुरा गेला तं एकच मोठी बांधी होते. नागर एका टोकाले घातला का त्या टोकाले निंघते.”

“अन् बोडी?”

“बोडी बी मंग आपलीच ना.”

“आतापावतर कोनाची होती भाऊजी?” धुरपताबाई विचारी. डोळे बारीक.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी, की नवरा मेला तर देवरानं भावजयीच्या हातात चुडी भरावी. भटजी नाही, मांडव नाही. पाच पंचांसमोर त्यानं हिरव्या चुड्या चढवायच्या, लोकांनी अक्षता टाकायच्या, झालं. ती बाई त्याच्या घरची, तिची जमीन त्याच्या जमिनीत. किती बायांनी हसून भरून घेतल्या अन् सुखानं नांदल्या, ते मी नाही म्हणत नाही. पण एकदा चुडी चढली अन् अक्षता पडल्या, की मग बाई रडो, ओरडो, कोणी ऐकत नसे. धुरपताबाईला शामकलासाठी ती जमीन राखायची होती. “माया मानसानं खोदलेली बोडी माया पोरीची,” एवढंच ती म्हणे. पंच म्हणत, पोरगी उद्या लग्न होऊन जाईल, जमीन परगावी जाईल, बिसरामचं बरोबर आहे.

आता दंडार. दिवाळी झाली की गावागावांत मंडई भरते, बाजार लागतो, पाहुणे येतात, अन् दुपारी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, गावातलेच गडी दंडार करतात. आमच्या गावची दंडार एकच, आजेसासऱ्याच्या वेळपासून तीच. पहाडगडची राणी सोनकुवर बाप मेल्यावर एकटी राज करते. पाटगडचा राजा बाजीसाय. दोघांच्या मधी घाट, घाटात राणीच्या बापानं बांधलेली भिंत. राजा हत्तीवरून हिरव्या चुड्या पाठवतो. राणी आधी रडते, मग लाजते, मग माळ घालते. पाहणारे खऱ्या लग्नासारख्या अक्षता टाकतात. भिंत पाडतात. ‘दोन राज एक झाले हो!’ असं ओरडून ढोलकं वाजतं अन् लोक जिलेबी घ्यायला पळतात.

राजा व्हायचा बिसराम. पुठ्ठ्याचा मुकुट, त्याला चहाच्या पुड्यातली चांदी चिकटवलेली. राणी व्हायचा शालीकराम, आमच्याच शेतात कामाला येणारा गडी. गुलाबी लुगडं नेसे, पण मिशी काढायला तयार नसे. पदर दाताखाली धरून मिशी झाके. अख्ख्या पंचक्रोशीत मिशीवाली राणी आमचीच.

छप्पन सालचा रोवणा चालू होता. आम्ही अठरा बाया ओळीनं वाकून गाऱ्यात, म्हणजे चिखलात, धानाची रोपं लावत होतो. रोवण्यात पाठ मोडते, म्हणून कोणी ना कोणी गाणं म्हणतं नाहीतर गोष्ट सांगतं. मी नवी सून, मला कोणी विचारत नव्हतं. माझी सासू निर्मलाबाई ओळीच्या मधोमध. तिनंच विषय काढला.

“बिसराम यंदा नवा मुकुट करून रायला म्हन्ते.”

धुरपताबाई वाकल्या वाकल्याच म्हणाली, “निर्मलाबाई, तो हत्ती आपल्या गाऱ्यात फसला असता तं?”

“कोनता हत्ती वं?”

“राजाचा. चुड्या घेऊन चालला तो. इतला मोठा हत्ती, अन् आपला हा गारा. चारी पाय फसले समज. काढता काढता आखाडी लागते. लगनाचे दिवस सरले. राजा तेथी बसून रायला, राणी येथी. कार्तिकापावतर त्याचा राग निवते का वाढते?”

“वाढंल,” एक बाई म्हणाली.

“मंग तो दुसरी पाह्यते. दोन राज दोनच रायले.”

ओळ हसली. पण सासूबाई हसली नाही. “चांगल्या गोष्टीची कायले नासाडी करतेस? राजा चांगला होता.”

“चांगलाच होता. चांगला होता म्हनून का राज देऊन टाकाचा?”

दुसऱ्या दिवशी बायांनीच विचारलं, आज काय झालं असतं? धुरपताबाईनं सांगितलं, आज नदीला पूर आला. तिसऱ्या दिवशी राणीनं माळेऐवजी राजाला निरोप पाठवला: सोयरीक कशाला, नदीकाठी बाजार भरवू, तुझं मीठ वर येऊ दे, माझा धान खाली जाऊ दे, अन् संध्याकाळी आपापल्या गडावर झोपू. ही गोष्ट बायांना फार आवडली. मग जिला तिला सुचू लागलं. कोणी म्हणे राणीची दाई चुड्या लपवते, कोणी म्हणे माहूत दारू पिऊन भलत्याच गडावर जातो. मीही एक दिवस धीर करून म्हटलं, “राणीले देवीच आल्या तं?” देवी म्हणजे अंगावरच्या. सगळ्या थांबल्या. धुरपताबाई म्हणाली, “पोरगी गरीब दिसते, पर राणीच्या थोबाडावर वन पाडले बापा हिनं!” त्या दिवसापासून मी ओळीतली झाली.

शालीकराम आमच्यामागं रोपांच्या पेंड्या फेकत फिरे. पेंड्या टाकून झाल्या तरी गोष्ट संपेपर्यंत तो तिथंच रेंगाळे.

शेवटच्या दिवशी धुरपताबाईनं ती गोष्ट सांगितली. ना हत्ती फसला, ना पूर आला. सगळं ठरल्यासारखं झालं. फक्त राणीनं माळ घालायच्या आधी विचारलं, ‘भिंत कोणाची पडंल? नाव कोणाचं राहील?’

“राजानं का सांगतलं?” सासूबाईनंच विचारलं.

“ते मले मालूम नाही. कोनी विचारलंच नाही ना त्याले. पर तुमी सांगा, पाटगड कोठी होता?”

अठरा हात डोंगराकडे गेले, रोपासकट.

“अन् पहाडगड?”

कोणाचा हात हलला नाही. निर्मलाबाईनं ती गोष्ट आपल्या सासूकडून ऐकलेली, तीही रोप हातात धरून इकडं तिकडं पाहू लागली.  एक अख्खं राज्य, त्याची राणी, तिच्या बापानं बांधलेली भिंत, अन् ते कुठं होतं एवढंही कोणाला ठाऊक नाही.

पाऊस सरला. दिवाळीच्या तोंडावर शाळेतल्या मास्तरनं सांगितलं, की आजपासून आपण मध्य प्रदेशातून निघालो अन् मुंबई राज्यात गेलो. आमचं टेसन तिथंच, डोंगर तिथंच, भंडारा जिल्हाही तोच. धुरपताबाई म्हणाली, “घ्या! राज बदललं अन् आमाले कोनी हत्ती बी नाही पाठवला.”

मंडईला चार दिवस होते. चुडीवाली आमच्या घरी आली. सासूबाईच्या हातात चुड्या भरलेल्या, तरी तिनं आपल्या मापाच्या दोन डझन हिरव्या वेगळ्या काढून कागदात बांधल्या. मी विचारलं, “आत्याबाई, ह्या कोनाले?”

“तुले का करायचं? पानी आन.”

मी पाणी आणलं, पण डोकं चालू होतं. सासूबाईचा अन् धुरपताबाईचा हात एका मापाचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत. संध्याकाळी बिसराम आला, कागद घेऊन गेला, अन् जाता जाता सासूबाईला म्हणाला, “अक्षता उडाल्या का मी तसाच खाली उतरतो. पंच समोरच बसून राहतीन. पाच गावच्या लोकायसमोर वयनी नाही म्हन्ते थोडीच! एकाच अक्षतीत दोन लगनं.”

नव्या सुनेनं सासूची गोष्ट बाहेर सांगू नये. मी कळशी उचलली, विहिरीवर गेली, अन् तिथं पाणी भरणाऱ्या धुरपताबाईला सगळं सांगितलं.  मला वाटलं, ती आता चिचगडला माहेरी जाईल, मंडई होईपर्यंत दडून बसेल. तेच म्हणाली मी.

“माहेरी मी जाईन वं,” धुरपताबाई म्हणाली, “पर बोडी डोक्यावर घेऊन कशी जाऊ?”

तिनं दोर ओढून घडा वर घेतला, माझी कळशी भरून दिली. मग सरळ शालीकरामच्या दारात गेली. तो बैलाला पाणी दाखवत होता. मी मागं उभी होती, म्हणून ऐकलं.

“शालीक, तुया राणीले बोलता येते का गा?”

“राणीले रडनं हाय, लाजनं हाय. बोलनं नाही.”

“दहा साल झाले राणी होऊन रायला. मुकी कायले ठेवली बिचारीले?”

शालीकरामनं मिशीवरून हात फिरवला. “बिसरामभाऊ रागावतीन.”

“राजा रागावते. राणीचं का जाते?”

तो पुन्हा बैलाकडे वळला. ती परत निघाली. मी विचारलं, आता बायांना सांगायचं का, अक्षता टाकू नका म्हणून? ती म्हणाली, “नाही. मूठ जिची तिची. उघडाची का नाही ते तिनं पाह्याचं. मी कोनाच्या मुठीवर राज नाही करत.”

मंडईच्या दिवशी आखरावर पाय ठेवायला जागा नव्हती. दरेकशाकडची, सालेकशाकडची माणसं आलेली. पुरुष एका अंगाला, बाया एका अंगाला, मधी दंडारीची जरा उंच जागा. पंच खाटेवर. घराघरातून हळदीचे तांदूळ आलेले. दंडारीच्या लग्नात अक्षता टाकल्या तर त्या साली घरात लग्न निघतं, असा समज, म्हणून जिच्या घरी उपवर पोरगी ती दोन मुठी जास्त आणते. आम्ही बायांनी तांदूळ वाटून घेतले. धुरपताबाई सगळ्यांत पुढं बसली, शामकलाला मांडीवर घेऊन. लपली नाही. मागं बस म्हटलं तर म्हणाली, “मले राणीचं तोंड पाह्याचं हाय.”

हत्ती आला, म्हणजे दोन गडी काळं घोंगडं पांघरून आले. बिसराम नव्या मुकुटात खरंच राजासारखा दिसत होता. कमरेला कागदाचा पुडा खोचलेला मला दिसत होता. राणी रडली. राणी लाजली. शालीकरामनं झेंडूची माळ उचलली, ढोलकीवाल्यानं काडी वर धरली, अन् आम्ही मुठी सरसावल्या.

राणीनं दाताखालचा पदर सोडला. मिशी उघडी पडली.

“महाराज, एक सांगा. लगन झाल्यावर भिंत कोनाची पाडाची?”

बिसराम गोंधळला. त्यानं ढोलकीवाल्याकडे पाहिलं. “का?”

“भिंत, भिंत! तुमची का मायी?”

लोक हसले. बिसरामला वाटलं, शालीकरामला चढली आहे. त्यानं राजासारखी मान ताठ केली. “तुयीच पडंल ना! माया गडाले कोन हात लावते?”

“अन् दोन राज एक झाल्यावर नाव कोनतं?”

“पाटगड! आनखी का?”

“मंग पहाडगड कोठी जाईल?”

 रोवण्यातल्या अठरा जणी माना पुढं काढून बसल्या. बिसरामचा पारा चढला. पाच गावांसमोर आपल्याच दंडारीतला गडी आपल्याला अडवतो, हे त्याला सहन झालं नाही, अन् तो राजा आहे हे तो विसरला.

“जाईल खड्ड्यात!” तो ओरडला. “एक डाव धुरा फुटला का कोनती बांधी कोनाची होती, कोनाले याद राहते?”

धुरा. भिंत म्हणाला नाही, धुरा म्हणाला.

ते त्याचं त्यालाही कळलं.  पण ढोलकीवाला बिचारा काडी वर धरून थकला होता, त्यानं सवयीनं थाप मारली, अन् थाप पडली म्हणून पुरुषांच्या अंगानं सवयीनं अक्षता उडाल्या.

बायांच्या अंगानं एक दाणा उडाला नाही.

मी आजूबाजूला पाहिलं. मुठीच मुठी. कोणी मांडीवर दाबलेली, कोणी छातीशी, सगळ्या मिटलेल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. एका पंचानं आमच्या सासूबाईला हाक मारली, “निर्मलाबाई, तुमी तरी मोठ्या हा, टाका ना!”  त्या चुड्या तिनंच तर घेतल्या होत्या. सासूबाईनं आपल्या मुठीकडे पाहिलं, मग धुरपताबाईच्या पाठीकडे पाहिलं. “माया खांदा दुखून रायला,” म्हणाली, अन् तांदूळ पदराच्या गाठीत बांधून टाकले.

बिसराम खाली उतरला. मागं फिरला असता तर बरं झालं असतं, पण एवढ्या लोकांत राजा मागं कसा फिरणार? कागद फाडून तो चुड्या घेऊन धुरपताबाईसमोर आला. तिनं शामकलाला माझ्या मांडीवर दिलं अन् उभी राहिली. दोन्ही हात सरळ पुढं केले.

“भर भाऊजी.”

दोन्ही हातांच्या मुठी आवळलेल्या, आत हळदीचे तांदूळ. मूठ आवळली तर काचेची चुडी चढत नाही. कोणत्याही बाईला विचारा, पुरुषाला ते माहीत असायचं कारण नाही. बिसरामनं पहिली चुडी ढकलली. टचकन फुटली. दुसरी घेतली. तीही फुटली. त्याच्या बोटातून रक्त आलं. तिनं हात हलवला नाही, ओरडली नाही, मूठही उघडली नाही. तीन उन्हाळे टोपलं धरलेली मूठ होती ती.

“वयनी, हात सैल सोड,” तो हळूच म्हणाला. आता त्यात जोर नव्हता.

“पानी मांगशीन तं देईन. देतोच. राज नाही देत.”

लोक पाहत होते. त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. तो पंचांकडे वळून म्हणाला, “अक्षता तं पडल्या! अक्षता पडल्या का लगन लागलं, हे रीत हाय!”

पंच एकमेकांकडे पाहू लागले. रीत तर खरीच होती. म्हातारे पंच, त्यांना रीत मोडवत नव्हती.

“पडल्या ना,” धुरपताबाई म्हणाली. “मी कोठी नाही म्हन्तो? पर पाहा पंचहो, कोनावर पडल्या.”

सगळ्या आखरानं तिकडे पाहिलं. शालीकराम माळ हातात घेऊन तिथंच उभा. गुलाबी लुगडं पिवळं झालेलं, अन् मिशीत तांदूळ अडकलेले.

“घेऊन जा भाऊजी घरी. सयपाक बी चांगला करते तो.”

असं हसू मी त्या आधी ऐकलं नाही, नंतरही नाही. हत्तीच्या घोंगड्यातले दोन्ही गडी हसून हसून जमिनीवर लोळले. पंच हसले. एकदा पंच हसले की मग निवाडा कसला? बिसरामनं मुकुट काढला, काखेत घेतला, अन् बाजारातून सरळ निघून गेला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. धुरपताबाईलाही आली असावी, कारण हसणाऱ्या बायांना ती म्हणाली, “पुरे वं आता.” मग खाली बसली अन् फुटलेल्या काचा वेचल्या, पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

त्या रात्री आमच्या घरी त्याच पिवळ्या तांदळाची खिचडी झाली. सासूबाईनं मला दोनदा वाढलं अन् म्हणाली, “चुडीची गोष्ट तूच सांगतली ना?” मी मान खाली घातली. “चांगलं केलं,” एवढंच म्हणून तिनं हंडी उतरवली.

बिसराम वर्षभर धुरपताबाईशी बोलला नाही. शालीकरामला मात्र लोक ‘बिसरामची रानी’ म्हणू लागले. त्यालाही पुढं त्याचं काही वाटेनासं झालं. दंडार बंद पडेल असं वाटलं होतं. पण पुढच्या दिवाळीला गावोगावचे लोक विचारू लागले, पिपरटोल्याची राणी यंदा काय विचारते? मग काय, दर साली रोवण्यात आम्ही नवी गोष्ट जुळवू, शालीकराम पेंड्या टाकता टाकता ऐकून घेई, अन् मंडईत राजा परत जाई. एका साली पूर आला, एका साली बाजार भरला, एका साली मीच सांगितल्या त्या देवी राणीच्या थोबाडावर आल्या. बिसराम राजा होतच राहिला. दुसऱ्या कोणाचा गळा तसा नव्हता, अन् मुकुट दुसऱ्याच्या डोक्याला बसतही नव्हता.

साठ साली पुन्हा राज बदललं. मास्तरनं सांगितलं, आता महाराष्ट्र. धुरपताबाईनं विचारलं, “यंदा नाव तरी टिकंल का?” अन् त्याच साली पोळ्यानंतर पावसानं तोंड फिरवलं. खालच्या बांधीत बिसरामचा धान पिवळा पडू लागला. आधी तो न विचारताच पाणी घेई, ती न बोलताच सोडी. त्या साली पाणी सगळ्यांनाच कमी होतं, विचारल्याशिवाय चालणार नव्हतं.

मी अन् धुरपताबाई निंदण काढत होतो. शामकला, दहा वर्षांची, पाळीवर बसून पाखरं हाकलत होती. बिसराम आला अन् धुऱ्याच्या पलीकडेच थांबला. पाय वर ठेवला नाही.

“राणी,” तो म्हणाला. राजाच्याच सुरात म्हणाला, पण डोळे खाली. “तुया गड तुया. जरा पानी सोडते का?”

धुरपताबाईनं कंबर सरळ केली. डोळे बारीक झाले. मला वाटलं, आता हा मेला.

“सोडतो ना. सोडतो. पर आधी कुदळ आन. तुया अंगानं धुरा खचून रायला. तो बांधून दे, मंग पानी घे.”

बिसराम कुदळ घेऊन आला. दुपारभर त्यानं त्याच्या अंगानं माती लावली, हिनं हिच्या अंगानं लावली. हातभर रुंदीचा धुरा दीड हात झाला. मग तिनं बोडीचं तोंड उघडलं.

धुरपताबाईला जाऊन आता बरेच साल झाले, बिसराम तिच्याही आधी गेला. वरच्या बांधीत शामकला अजून धान लावते. दर साली दोन्ही अंगांनी माती लावून धुरा आता इतका रुंद झाला आहे, की त्याच्यावर दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसून सुपारी कातरू शकतात. आम्ही बसतो. परवा तिथंच बसून शामकलाच्या नातवानं मला विचारलं, “आजी, पहाडगड कोठी होता?”

मी म्हटलं, “उठ, चप्पल काढ. त्याच्याच भिंतीवर बसून रायला तू.”